शेंडी नसलेला नारळ

गुरुवारी संध्याकाळी साडेपाचला तिसऱ्या मजल्याच्या जिन्यात चपलांचा एवढा ढीग होता की मला वाटलं, कुणीतरी गेलं. गेलं होतं खरं, पण दहा महिन्यांपूर्वी. आता ते परत आलंय आणि टीव्हीवर दिसतंय, अशी बातमी होती.

कांदिवलीला चारकोपात आमची ‘श्रमसाफल्य’ सोसायटी. गिरण्या बंद पडल्यावर लालबाग-परळ सोडून आलेली कोकणातली माणसं. तिसऱ्या मजल्यावरचे नाना तावडे गिरणीच्या साचेखात्यात, मागांवर, उमेदीची वर्षं घालवून, शेवटची दोन वर्षं अर्धांगवायूने अंथरुणात काढून गेले. त्यांच्या बाराव्यालासुद्धा इतकी गर्दी नव्हती. तेव्हा माणसं घड्याळ बघत जेवली होती, आणि आता तीच माणसं तास तास जिन्यात उभी होती.

मी चंद्रप्रकाश. पाचव्या मजल्यावर राहतो, स्टेशनजवळ कॅमेरे दुरुस्त करतो, आणि बाबा-बुवा म्हटलं की माझं डोकं सणकतं. सहा गुरुवार मी या प्रकाराकडे ढुंकून पाहिलं नाही. सातव्या गुरुवारी गेलो तो निव्वळ करमणूक म्हणून. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे झालं त्यात माझाही वाटा आहे.

तावड्यांच्या हॉलच्या खिडक्यांना चादरी लावल्या होत्या. भिंतीवर मोठा टीव्ही, त्याला वायरीने जोडलेला कॅमेरा, आणि कॅमेऱ्यामागे भगवी कफनी घालून श्री नेत्रनाथ. समोर नानांची वेताची खुर्ची. तिच्यावर उंच चौरंग, चौरंगावर कलश, आंब्याची पानं, नारळ. नारळावर नानांची टोपी आणि कलशाभोवती त्यांची शाल.

“यंत्राला जात असते का?” नेत्रनाथांनी विचारलं.

“नाही!” हॉल गरजला.

“यंत्राला भूक लागते का? मुलाच्या ॲडमिशनची चिंता असते का?”

“नाही!”

“मग यंत्र खोटं कशाला बोलेल? माणसाचा डोळा पापं बघून बघून मळतो. हा डोळा जपानहून आलाय. कोरा आहे! फक्त एक पथ्य. खुर्चीकडे कुणी बघायचं नाही. तुमच्या नजरेनं आत्मा बुजतो. बघायचं ते टीव्हीत.”

सगळ्यांनी खुर्चीकडे पाठ फिरवली. दीड हातावर खरी खुर्ची असताना चाळीस माणसं तिचं चित्र बघत उभी राहिली. टीव्हीवर आधी सगळं धूसर होतं. मग चित्र हललं, स्पष्ट झालं, आणि टोपीच्या खाली, जिथे माणसाचा चेहरा असायचा नेमका तिथे, एक पांढरा चौकोन उमटला. हॉलमध्ये कुणीतरी हुंदका दिला.

“पकडलं!” नेत्रनाथ ओरडले. “चेहरा असल्याशिवाय हा चौकोन येत नाही. तुमच्या मोबाईलला विचारा. बसलेत नाना. विचारा काय विचारायचं ते. चौकोन राहिला तर हो, सुटला तर नाही.”

नानांच्या बायकोने, वनमालाकाकींनी, टीव्हीजवळ जाऊन काचेला हात लावला. सत्तरीची बाई, गावातून येऊन पन्नास वर्षं झाली तरी मालवणी सुटली नव्हती. “जेवलात काय वो?” त्यांनी विचारलं. चौकोन तसाच राहिला. काकी रडतारडता हसल्या. मग सेक्रेटरींनी विचारलं की बंद पडलेली लिफ्ट या महिन्यात सुरू होईल का. चौकोन सुटला. त्या संध्याकाळचं तेवढं एकच भाकीत खरं होतं.

आणि तेव्हाच मला आवाज ओळखू आला. दाढी वाढली होती, कफनी चढली होती, पण “पकडलं” म्हणताना शेवटी चढणारा सूर जुनाच होता. हा सुयोग. सहा वर्षांपूर्वी लग्नाचे फोटो काढायचा आणि कॅमेरा बिघडला की माझ्या दुकानात यायचा. एकदा मनोरीला एका बंगल्यावर हळदीचा कार्यक्रम होता. सजावटीला सोललेले, शेंडी काढलेले नारळ टांगले होते. याचे निम्मे फोटो असे आले की नवरी धूसर आणि मागचा नारळ लख्ख. पार्टीने याला शिव्या घातल्या, हा कॅमेरा घेऊन माझ्याकडे. मीच त्याला चहा पाजून समजावलं होतं की कॅमेऱ्याने नारळाला माणूस समजलं बाबा, त्याच्या डोळ्यांमुळे. आम्ही दोघे पोट धरून हसलो होतो. मी ती गंमत विसरलो आणि त्याने तिचा मठ उभा केला.

मी मान वाकडी करून खऱ्या खुर्चीकडे पाहिलं. नारळाला शेंडी नव्हती. तीन काळे डोळे थेट कॅमेऱ्याकडे रोखलेले. कोकणातलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल की शेंडी काढलेला नारळ खवणीवर जातो, देवापुढे नाही. शेजारच्या बाईला मी हळूच विचारलं, तर ती म्हणाली, “काकींनी विचारलेलं ना पहिल्या दिवशी. बाबा म्हणाले, शेंडी म्हणजे अंतरपाट. आत्म्याला आडपडदा नको.” शेंडी काढून अख्ख्या बिल्डिंगला शेंडी लावली होती पठ्ठ्याने. मला त्याचं कौतुकच वाटलं, खोटं कशाला बोलू.

मग त्यांनी दिपालीला पुढे आणलं.

दिपाली ही नानांची सून, नितेशची बायको. नानांची दोन वर्षांची सगळी उसाभर तिने केली. भरवणं, पुसणं, कूस बदलणं, गोळ्या देणं. तिच्या अंगावर डोक्यापासून पांढरी चादर घातली आणि पांढऱ्या पडद्यासमोर उभं केलं. “हात आत, मान खाली,” नेत्रनाथ म्हणाले. “जिच्यावर आत्म्याचा संशय, तिने मान वर करायची नाही.” कॅमेरा तिच्याकडे वळला. टीव्हीवर ती धूसर झाली, किंचित स्पष्ट झाली, पुन्हा धूसर. चौकोन आलाच नाही.

“बघा! विरघळतेय. मेलेल्या माणसाला पकडतो तो हिला पकडत नाही. ही पोकळ आहे. आत दुसरं कुणीतरी आहे. नानांना शेवटची गोळी कुणी दिली?”

“हिनेच,” नितेश म्हणाला. तिचा नवरा. तोंडातल्या तोंडात म्हणाला, पण म्हणाला.

आधीच्या एका गुरुवारी ती पहिल्यांदा पोकळ ठरली, तेव्हापासून तिच्या हातचं कुणी खात नव्हतं. ताट वेगळं, अंथरूण गॅलरीत. आणि रोज सकाळी डोळ्यांत ‘अंजन’, म्हणजे लिंबाचा रस आणि भस्म, दृष्टी उघडावी आणि यंत्राने पकडावी म्हणून. ज्या बायकांना तिने नानांच्या आजारपणात घरचे लाडू पोचवले होते, त्या तिच्या सुजलेल्या पापण्या बघून म्हणाल्या, “उतरतंय हां, उतरतंय.”

मी तेव्हाच तोंड उघडायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं. पण मला एका वाक्यात समाधान नव्हतं. मला सगळ्यांची जिरवायची होती, पुराव्यासकट, सेक्रेटरीसकट, पुढच्या गुरुवारी भर गर्दीत. शिवाय एक वाक्य बोललो असतो तर दुसरंही बोलावं लागलं असतं, की याला हे मी शिकवलं. मी गालातल्या गालात हसत घरी गेलो आणि रात्री भाषणाची जुळवाजुळव करत बसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी दिपाली जिन्यात भेटली. लिंबाने डोळे लाल झालेले.

“काका, तुमचं कॅमेऱ्याचं दुकान आहे ना? एक विचारू? मला खरंच पकडत नाही का तो?”

“तो तुला पकडत नाही, कारण तुला मान खाली घालायला लावतात. थोतांड आहे सगळं. गुरुवारी बघच तू, कशी वाट लावतो एकेकाची.”

“गुरुवारी?” ती म्हणाली. “मंगळवारी मोठं अंजन आहे, बाबांनी सांगितलंय. तुम्ही आज याल का खाली? आईंना सांगाल?”

“आज सांगून कोण ऐकणार? सगळ्यांसमोर झालं पाहिजे. लिंबूच आहे ना? पाण्याने धुऊन टाक. सहा दिवस कळ काढ गं.”

ती “बरं” म्हणाली. मोठ्या अंजनात काय असतं, ते मी विचारलं नाही. तिच्या बहिणीला, मुलुंडच्या शकुला, फोन करू का, तेही विचारलं नाही. मी दुकानात गेलो आणि वाटेत भाजीवाल्याकडून दोन नारळ घेतले, एक शेंडीचा आणि एक बिनशेंडीचा.

गुरुवार उजाडला. गर्दी आधीपेक्षा जास्त. दिपाली पांढऱ्या चादरीत मान खाली घालून कोपऱ्यात बसलेली. नेत्रनाथांनी “यंत्राला जात असते का?” म्हणताच मी उठलो.

“जात नसते. पण मॉडेल नंबर असतो. सुयोग, हे जुनंच मॉडेल अजून वापरतोस? नवे कॅमेरे इतक्या सहज फसत नाहीत, म्हणून ना?”

त्याचा चेहरा पडला. पण धंद्यातला माणूस, लगेच सावरला. “नास्तिकाची छाया पडली. बाहेर काढा याला.”

“काढा. पण आधी सगळ्यांनी मागे वळून खुर्चीकडे बघा. टीव्हीकडे नको. खुर्चीकडे. त्या नारळाला शेंडी आहे का?”

चाळीस माना वळल्या. एवढे गुरुवार झाले होते, पण नीट कुणी बघितलंच नव्हतं. मी पुढे झालो, नानांची टोपी अदबीने उचलली, बिनशेंडीचा नारळ काढून शेंडीचा ठेवला, शेंडी कॅमेऱ्याकडे. टीव्हीवरचा चौकोन गेला. तो काढून माझ्या पिशवीतला बिनशेंडीचा ठेवला. चौकोन आला. तोच नारळ मी स्टुलावर ठेवला, चौकोन स्टुलावर. एकाला कॅमेरा वळवायला लावून बाथरूमच्या दारात धरला, चौकोन तिथे.

“नाना बाथरूममध्ये गेले वाटतं,” मी म्हणालो. कुणीतरी फिस्सकन हसलं. मला ते हसू फार आवडलं. मी आणखी रंगात आलो.

“दोन काळे ठिपके वर, एक खाली. दोन डोळे, एक तोंड. या कॅमेऱ्यात लाखो चेहरे दाखवून तयार केलेला एक हिशेब असतो. असे ठिपके दिसले की तो म्हणतो, चेहरा. मेलेला का जिवंत, त्याला काय कळतं? नाना का नारळ, तेही कळत नाही. आणि ‘नाही’ म्हणायचं असेल तेव्हा हा कॅमेऱ्यामागचं चेहरा ओळखायचं बटण बंद करतो. नारळ तिथेच, चौकोन गायब. आमच्या लिफ्टचा निकाल असा लागला.”

“मग दिपाली धूसर का दिसायची?” सेक्रेटरींनी विचारलं. प्रश्न चांगला होता, आठवडाभर आधी विचारायला हवा होता. त्यांनीही, मीही.

“एक बोट समोर धरा,” मी म्हणालो. “डावा डोळा मिटून बघा, मग उजवा. बोट सरकल्यासारखं वाटतं ना? कॅमेऱ्यात आत जो पडदा असतो, ज्याच्यावर चित्र उमटतं, त्याच्यावर असेच बारीक बारीक डोळे असतात, जोडीजोडीने. अर्धे डावीकडून येणारा उजेड बघतात, अर्धे उजवीकडून. दोघांची चित्रं जुळली की वस्तू स्पष्ट. जुळली नाहीत तर किती सरकलीत त्यावरून भिंग किती आणि कुठल्या बाजूला फिरवायचं ते ठरतं. पण जुळवायला काहीतरी हवं ना? एखादी रेघ, कड, कपड्याची नक्षी. पांढऱ्या पडद्यासमोर पांढरी चादर, अंधुक उजेड. डाव्यालाही पांढरं, उजव्यालाही पांढरं. तो बिचारा भिंग पुढेमागे करत चाचपडत राहतो. तुम्ही म्हणता, ती विरघळतेय. सेक्रेटरी, या, तुम्हाला विरघळवतो.”

सेक्रेटरींवर दुसरी चादर टाकली. मान खाली. टीव्हीवर सेक्रेटरी धूसर, स्पष्ट, धूसर. हॉल हसायला लागला. सुयोग वायर गुंडाळायला लागला होता, त्याला दोघांनी दंडाला धरलं. गेल्या गुरुवारी त्याच दोघांनी त्याचे पाय धरले होते.

मी हवेत होतो. माझा शेवटचा हुकमाचा पत्ता बाकी होता.

“दिपाली, इकडे ये. चादर काढ. मान वर कर. बघू दे सगळ्यांना, कॅमेरा तुला पकडतो की नाही.”

ती उठली. नितेश म्हणाला, “नको, काका, राहू दे.” मला वाटलं, शरमेने म्हणतोय. मी त्याला हाताने बाजूला केलं.

तिने चादर काढली आणि मान वर केली. टीव्हीवर चित्र एका झटक्यात स्पष्ट झालं. चेहऱ्याभोवती चौकोन आला. मग, हा कॅमेरा जसा करतो तसा, मोठा चौकोन लहान होऊन डोळ्यावर गेला. डाव्या डोळ्यावर. कॅमेऱ्याजवळचा डोळा उजवा होता, नियमाने तिथे जायला हवा होता. तो एकदा उजवीकडे सरकला, थरथरला, आणि पुन्हा डाव्यावर येऊन बसला.

उजव्या डोळ्यात काळं काही उरलं नव्हतं. बुबुळ दुधासारखं पांढरं झालं होतं.

मोठ्या अंजनात पानाला लावायचा चुना होता. मंगळवारी सकाळी वनमालाकाकींनी बोटाने घातला आणि नितेशने डोकं धरून ठेवलं. ती ओरडली तेव्हा घरात टाळ वाजवले, कारण बाबांनी सांगितलं होतं, आतली बाहेर पडताना ओरडेल. पाण्याने धुवायला तिला संध्याकाळपर्यंत दिलं नाही. डावा डोळा तिने गच्च मिटला म्हणून वाचला.

“काका,” ती टीव्हीकडे बघत म्हणाली, “पकडलं ना?”

माझं भाषण संपलं होतं.

मी तिला तसंच बोरिवलीला नेलं. तिथल्या डोळ्यांच्या डॉक्टर, अनुपमा नाव त्यांचं, तपासून झाल्यावर म्हणाल्या, “चुना डोळ्यात थांबत नाही, आत आत खात जातो. त्याच क्षणी अर्धा तास पाण्याखाली धरला असता तर बहुतेक वाचला असता. दोन दिवस कुणी काहीच केलं नाही? घरात, शेजारी, कुणालाच माहीत नव्हतं?”

“मला माहीत होतं,” मी म्हणालो. “चुन्याचं नाही. पण बाकी सगळं.”

“मग?”

“मी गुरुवारची वाट बघत होतो.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

पोलिसांनी सुयोगला जादूटोणाविरोधी कायद्याखाली नेलं. नितेशवर आणि काकींवरही गुन्हा दाखल झाला. सुयोगला हा नारळ कुणी शिकवला, तेही मी जबाबात लिहून दिलं. पोलिसाने विचारलं, “याची काय गरज?” मी म्हणालो, असू द्या. दिपाली आता शकुकडे मुलुंडला असते. परत यायला तयार नाही, आणि का यावं? बिल्डिंगमध्ये अजूनही दोघी-तिघी म्हणतात, “बाकी सगळं खोटं असेल, पण नाना जेवलेत का विचारलं तेव्हा चौकोन हलला नव्हता हां!” अशांच्या डोळ्यांत चुना गेला असता तरी फरक पडला नसता, असं माझ्या मनात येतं. आणि मग असा विचार मनात आल्याची लाज वाटते.

जामिनावर सुटून आल्यावर वनमालाकाकी एकदा वर आल्या. हातात तोच बिनशेंडीचा नारळ होता. सगळं आवरलं तरी तो त्यांनी फोडला नव्हता.

“ह्येच्यात नाय, तर मगे आमचो म्हातारो खय आसा?” त्यांनी विचारलं.

“कुठेच नाही, काकी. गेले ते. आणि शेवटची दोन वर्षं ज्या हातांनी त्यांना भरवलं, त्या हातांचं खायचं तुम्ही सोडलं, आणि तिच्या डोळ्यात चुना घातला.” मी हे मऊपणाने सांगू शकलो असतो. सांगितलं नाही. त्या नारळ माझ्या ओट्यावर ठेवून निघून गेल्या.

वाचकहो, कॅमेऱ्याचं शास्त्र तुम्ही विसरलात तरी चालेल. टीव्हीत बघू नका, खुर्चीकडे बघा, एवढं लक्षात ठेवा. ‘इकडे बघायचं नाही’ असं कुणी सांगितलं की पहिलं तिकडेच बघा. एखाद्या बाईला मान खाली घालायला लावून मग ती माणसात नाही असं कुणी ठरवत असेल, तर आधी तिला मान वर करायला सांगा. आणि तुम्ही माझ्यासारखे शहाणे असाल, तुम्हाला बुवाची युक्ती पहिल्या फटक्यात कळली असेल, तर टाळ्या मिळतील अशा दिवसाची वाट बघू नका. त्याच संध्याकाळी खाली उतरा, दार वाजवा आणि सांगा. कुणी ऐकलं नाही तर पोलिसांना फोन करा.

माझ्या घरापासून ते दार दोन मजले खाली होतं.